पाळणे आणि पाळत

‘पाळत’ हा शब्द आपल्याला हमखास भेटतो तो पेपरात. “पोलिसांनी दोन दिवस पाळत ठेवून आरोपीला पकडलं.” नाहीतर मग, “चोरट्यांनी आधी पाळत ठेवून बंद घर फोडलं.” गंमत बघा, पोलीस आणि चोर दोघंही तेच करतायत, शब्दही तोच. कोण ठेवतोय यावरून आपण ठरवतो की पाळत चांगली का वाईट. शब्द बिचारा तटस्थ!

या वीकेंडला या शब्दाच्या मागे लागलो. मूळ शोधायला गेलो आणि थेट आमच्या नगर जिल्ह्यातच येऊन पोचलो (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं. समजून घ्या). ही सगळी साखळी मला फार इंटरेस्टिंग वाटली, म्हणून हा प्रपंच.

आधी शब्द. पाळत आला ‘पाळणे’ वरून. आणि पाळणे म्हणजे काय? आपण गाय पाळतो, कुत्रा पाळतो. शब्द पाळतो, वेळ पाळतो, डॉक्टरनं सांगितलेलं पथ्य पाळतो (म्हणजे निदान पहिले चार दिवस). संस्कृतातला ‘पाल्’ धातू, अर्थ सांभाळणे, रक्षण करणे. गोपाळ, द्वारपाल, वनपाल, राज्यपाल, सगळे याच घरातले. कोतवाल सुद्धा! तो मूळचा ‘कोट्टपाल’, म्हणजे कोट सांभाळणारा.

म्हणजे सांभाळण्याच्या, जपण्याच्या धातूपासून आपण चोरून नजर ठेवण्याचा शब्द केलाय. हे जरा विचित्र नाही वाटत?

बाकीचे शब्द बघा. ‘हेर’ हा हेरणे या क्रियापदाचा भाऊ, मूळ अर्थ नुसतं बघणे, शोधणे. बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेल्या हेमचंद्राच्या ‘अभिधानचिंतामणि’ या कोशात ‘हेरिक’ असा शब्द मिळतो, अर्थ हेर. ‘चार’ किंवा ‘गुप्तचर’ आला चर् वरून, म्हणजे फिरणारा. ‘जासूद’ अरबीतल्या जासूस वरून. मराठीत येताना त्याचं शेवटचं अक्षर बदललं आणि नोकरीही. पेशवाईच्या कागदांत जासूद बऱ्याचदा नुसता पत्रं घेऊन पळणारा माणूस असतो. वेदात ‘स्पश’ आहेत. वरुणाचे हे स्पश सगळीकडे बघत असतात. भाषाशास्त्राप्रमाणे हा स्पश आणि इंग्रजीतला ‘स्पाय’ एकाच फार जुन्या मुळापासून आले, त्या मुळाचा अर्थही बघणे.

म्हणजे कोणी बघण्यावरून, कोणी चालण्यावरून. काळजी घेण्यावरून आलेला एकटा पाळत. परदेशात त्याला एक लांबचा नातेवाईक आहे. ‘सर्व्हेलन्स’ हा फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला शब्द, त्यात ‘वर’ आणि ‘जागं राहणं’ असे दोन तुकडे आहेत. वरून जागं राहणं! आणि जागं राहणारा माणूस तर आपल्याकडे गावोगाव होता. त्याचं नावच जागल्या.

तर आता या जागल्याकडे येऊ, कारण पाळणे आणि पाळत यांचा सांधा मला त्याच्याकडे सापडला.

१८१८ ला पेशवाई बुडाली, त्याच वर्षी इंग्रजांनी नगर जिल्हा केला. पुढच्या वर्षी, १८१९ मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं जिंकलेल्या मुलखाबद्दल कलकत्त्याला एक लांबलचक अहवाल पाठवला. त्यात गावच्या पहारेकऱ्याचं वर्णन आहे. हे काम कुठे महारांकडे, कुठे रामोशांकडे, डोंगराच्या बाजूला भिल्लांकडे असायचं. रात्री गस्त घालायची. गावात कोण आलं, कोण गेलं ते बघायचं. परक्या माणसावर लक्ष ठेवायचं, संशय आला तर पाटलाला सांगायचं. आणि गावातल्या प्रत्येक माणसाचा स्वभाव माहीत असायला हवा! आजच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक युजरचं प्रोफाइल त्याच्या डोक्यात.

आता हे वाचून कोणी म्हणेल, अरे ही तर पाळतच झाली. बरोबर. पण पुढचा भाग वाचा. चोरी झाली तर पहारेकऱ्यानं चोराचा माग काढायचा, म्हणजे अक्षरशः पायाचे ठसे बघत जायचं. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला आणि तिथल्या पहारेकऱ्याची खात्री पटवली की याची जबाबदारी संपली, त्याची सुरू. असं करत करत ज्या गावात माग शेवटचा पोचला, ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार. भरपाई आधी पहारेकऱ्याच्या ऐपतीप्रमाणे त्याच्याकडून, उरलेली सगळ्या गावाकडून.

हे वाचून मी खरंच थक्क झालो. आपल्या फील्डमध्ये ज्याला ‘हँडओव्हर’ म्हणतात आणि ज्याच्यावरून रोज रात्री अकराच्या कॉलवर भांडणं होतात, ते इथे शिवेवर, पायाच्या ठशाचा पुरावा दाखवून होत होतं. तिकीट हवेत लटकत ठेवायची सोय नाही. कुणाच्या तरी नावावर ते असणारच.

लगेच ‘आमची प्राचीन व्यवस्था किती महान’ असं म्हणायची घाई नको. एल्फिन्स्टननंच लिहिलंय की ही भरपाई अन्यायाची आहे आणि ती पूर्ण वसूल क्वचितच केली जायची. शिवाय हे काम जातीनं ठरलेलं. महाराच्या पोरानं गावाची राखण करायची आणि राहायचं गावकुसाबाहेर. ज्या गावाची रात्रभर राखण केली, त्याच गावच्या पाणवठ्याला सकाळी हात लावायचा नाही. रामोशांच्या बाबतीत तर बऱ्याचदा लूट करू नये म्हणूनच राखणीचं काम द्यायचं असा हिशोब असायचा. तेव्हा रामराज्य वगैरे काही नव्हतं.

पण एक गोष्ट मात्र त्यात होती. नजर ठेवणारा माणूस ज्यांच्यावर नजर ठेवत होता त्यांना बांधलेला होता. सगळ्यांना तो माहीत होता, त्याला गावाकडून धान्य मिळत होतं आणि तो चुकला तर त्याच्या खिशाला चाट होती. पाळत होती, पण ती पाळण्याच्या पोटात होती.

आता जरा मागे जाऊन कौटिल्याशी तुलना करा. अर्थशास्त्रात हेरखात्याचं डिझाइन जबरदस्त आहे. कपटी विद्यार्थी, संन्यासी, शेतकरी, व्यापारी, तापस अशा वेषांत एका जागी राहणारे हेर वेगळे, फिरते वेगळे. हेर एकमेकांना ओळखत नाहीत. आणि तिघांची बातमी जुळली तरच ती खरी धरायची! (डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम शिकलेल्यांनी इथे टाळी वाजवावी.) वारंवार चुकीची बातमी देणाऱ्या हेराला गुपचूप शिक्षा किंवा कामावरून कमी. म्हणजे जबाबदारी तिथेही आहे, पण ती राजाला. ज्याच्याबद्दल खोटी बातमी गेली त्याला कोणी काही देणं लागत नाही. त्याला तर कळतही नाही.

माझ्या मते फरक नेमका इथे आहे. नजर दोन्हीकडे आहे. चूक झाली तर नजर ठेवणारा उत्तर कोणाला देतो, यावरून ते पाळणं की पाळत ते ठरतं.

आता नगर जिल्ह्यातला पहिला धागा. जामखेड तालुक्यातलं चौंडी. तिथे १७२५ मध्ये अहिल्याबाईंचा जन्म झाला आणि पुढे १७६७ ते १७९५ त्यांनी माळव्यात राज्य केलं. विंध्य-सातपुड्याच्या वाटांवर भिल्लांच्या लुटीचा त्रास होता. सुरुवातीला कडक उपाय झालेच. पण नंतर अहिल्याबाईंनी जे केलं ते जॉन माल्कमनं आपल्या १८२३ च्या मध्य हिंदुस्थानवरच्या पुस्तकात नोंदवलंय. डोंगरातून जाणाऱ्या मालावर भिल्लांचा छोटासा कर घेण्याचा जुना हक्क होता, ‘भिलकवडी’. तो बाईंनी मान्य केला. पडीक जमीन दिली. बदल्यात अट अशी की वाटेची राखण तुमची, आणि तुमच्या हद्दीत चोरी झाली तर माल परत मिळवून देण्याची जबाबदारीही तुमची. ज्यांच्यावर पाळत ठेवायची, त्यांनाच वाटेचे पालक केलं! आपल्या गावच्या शिवेवरचं जे साधं तत्त्व होतं, तेच त्यांनी राज्याच्या पातळीवर लावलं असं मला वाटतं.

दुसरा धागा कंपनी सरकारचा. पुरंदर किल्ल्याच्या राखणीचं काम पूर्वापार रामोशांकडे होतं. ते हक्क, ती वतनं गेली आणि राखण करणारेच बंडखोर झाले. त्यांचा पुढारी उमाजी नाईक. त्याच्या मागावर जो अधिकारी होता तो कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंतॉश. डिसेंबर १८३१ मध्ये उमाजी फितुरीनं पकडला गेला, ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्याला फाशी दिलं. मॅकिंतॉशनं मग १८३३ मध्ये रामोशांवर एक अख्खं पुस्तक छापलं. त्यांचं मूळ, चालीरीती, त्यांची खास सांकेतिक बोली, उमाजीचं चरित्र, सगळं त्यात. हाच मॅकिंतॉश पुढे अहमदनगर पोलीस कोअरचा प्रमुख होता आणि त्यानं अकोले भागातल्या महादेव कोळ्यांवरही असाच सविस्तर लेख लिहिला. आज संशोधक या लिखाणाकडे समाजाचा अभ्यास म्हणून बघतात. आणि खरंच त्यात अशी माहिती आहे जी दुसरीकडे मिळत नाही. पण ती गोळा केली होती पोलिसानं, पकडण्यासाठी.

अकोल्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे यांची गोष्ट तर याहून बोलकी. वडील रामजी भांगरे यांनी पोलिसात जमादारीही केली होती आणि बंडही. राघोजींनी १८४० च्या दशकात सावकार आणि सरकार दोघांविरुद्ध बंड उभारलं. जानेवारी १८४८ मध्ये पंढरपुरात पकडले गेले, २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी. पहारेकरी, जमादार, बंडखोर. एकाच घरात दोन पिढ्यांत तिन्ही भूमिका. कारण डोंगराची माहिती ज्याला तोच राखणार, आणि तोच बंडही करणार.

एक मात्र कबूल करायला हवं. पाळत या शब्दाचा वाईट वास इंग्रजांनी लावला असा सोयीचा निष्कर्ष काढता येत नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत पाळत आहे आणि अर्थ चोरून नजर ठेवणे हाच आहे. म्हणजे लोकांच्या तोंडी तो आधीपासून होता. सांभाळणाऱ्याची नजर आणि टपून बसलेल्याची नजर बाहेरून सारखीच दिसते, हे आपल्या पूर्वजांना पक्कं माहीत असावं.

इंग्रजांनी जे केलं ते वेगळं. त्यांनी पाळतीचा कायदा केला. १८७१ मध्ये उत्तर हिंदुस्थानात ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ आला, १९११ मध्ये तो सुधारून मुंबई इलाख्यासकट सगळीकडे लागू करण्याची सोय झाली. अख्खी जमात ‘गुन्हेगार’ जाहीर करायची. नोंदणी, बोटांचे ठसे, ठराविक वेळी हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. काहींना सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहतीत ठेवलं, तिला आजही लोक ‘सेटलमेंट’ म्हणतात. कैकाडी, कंजारभाट, भामटा, पारधी... यातला भामटा शब्द आपण आज किती सहज वापरतो! एका जमातीचं नाव म्हणजे फसवणूक करणारा, आणि बोलताना आपल्याला काही टोचतही नाही.

गुन्हा केलाय का, हा प्रश्नच नव्हता. जन्म झाला की एंट्री झाली. चूक झाली तर ती दुरुस्त करायला कोर्टात जायची वाटही जवळजवळ बंद. जागल्याच्या डोक्यातली गावाची माहिती आता रजिस्टरमध्ये गेली, आणि रजिस्टर कुणाला भरपाई देत नाही.

तिसरा धागा नगरच्या भुईकोट किल्ल्यातला. ९ ऑगस्ट १९४२ ला काँग्रेसच्या कार्यकारिणीला मुंबईत पकडलं आणि या किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरू, आझाद, पटेल, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, शंकरराव देव वगैरे. कुठे ठेवलंय हे सुरुवातीला जाहीरही केलं नव्हतं. पत्रं तपासली जायची. मौलाना आझादांनी इथे मित्राच्या नावानं पत्रं लिहिली जी तेव्हा पाठवलीच गेली नाहीत, पुढे त्यांचं ‘गुबार-ए-खातिर’ झालं. नेहरूंनी इथेच १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. म्हणजे चोवीस तास पाळतीखाली जगणं काय असतं हे या मंडळींना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

हीच मंडळी पुढे राज्यकर्ती झाली. ३१ ऑगस्ट १९५२ ला क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट रद्द झाला. म्हणून भटके विमुक्त समाज ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतो. (पाळतो! बघा, शब्द इथेही आलाच.) पण त्याच्या जागी राज्यांनी ‘सराईत गुन्हेगार’ कायदे केले. जमात गेली, व्यक्ती आली. रजिस्टर राहिलं, हिस्ट्रीशीट राहिली.

ती कशी राहिली ते उत्तर प्रदेशातल्या खरक सिंगच्या केसमध्ये दिसतं. १९४१ मध्ये दरोड्याच्या संशयावरून पकडला, पुरावा नाही म्हणून सोडला. तरी हिस्ट्रीशीट उघडली गेली. रात्री-अपरात्री पोलीस आणि गावचा चौकीदार दारावर येणार, हाक मारणार, घरात आहे का बघणार. म्हणजे ज्या गावच्या राखणदारानं स्वतः जागून लोकांना झोपू द्यायचं, तोच आता माणसाला झोपेतून उठवत होता. १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टानं रात्रीच्या भेटी रद्द केल्या, पण बाकीची पाळत चालू ठेवली. बहुमताचं म्हणणं, खाजगीपणा हा घटनेनं दिलेला मूलभूत हक्क नाही. न्या. सुब्बाराव यांनी वेगळं मत लिहिलं. त्यांचं मत खरं ठरायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला, पुट्टस्वामी केसमध्ये नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला. आणि अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की केवळ मागास समाजातला आहे म्हणून कोणाची हिस्ट्रीशीट उघडू नका. त्याच वर्षी तुरुंगातल्या जातिभेदाच्या निकालात विमुक्त जमातींना ‘सवयीचे गुन्हेगार’ धरणाऱ्या नियमांवरही कोर्टानं बोट ठेवलं. १८७१ ते २०२४, हिशोब तुम्हीच करा.

आता ‘आपला काय संबंध’ असं वाटत असेल तर जरा आपल्या धंद्याकडे बघा. सर्व्हरवर आपण चोवीस तास नजर ठेवतो, त्याला मॉनिटरिंग म्हणतो. ते पाळणं आहे. सर्व्हर पडला तर आपला फोन वाजतो, आपली रात्र जाते, क्लायंट आपल्याला विचारतो. तेच टूल माणसांवर लावलं, किती वेळ माऊस हलला, कुठली साइट उघडली, की ती पाळत. मुलांच्या फोनवर लोकेशन ॲप टाकणारे आईबाप, सोसायटीच्या गेटवर कामवाल्या बाईचा फोटो आणि ठसा घेणारं ॲप, चौकाचौकातले कॅमेरे. सगळ्यांचं कारण एकच, ‘तुमच्याच सुरक्षेसाठी’. आणि बऱ्याचदा ते खोटंही नसतं! पाळत ही पाळण्यातूनच निघते, म्हणून तर ती ओळखायला अवघड जाते.

यातली काही सॉफ्टवेअर आपणच लिहितो. त्या कामवाल्या बाईच्या रेकॉर्डमध्ये कोणीतरी चुकून ‘संशयास्पद’ वर टिक केली, तर ती टिक काढायची स्क्रीन आपण बनवलीये का? ती टिक लागलीये हे तिला कळतं का? तिचं चार घरचं काम सुटलं तर ते कोण भरून देतं? रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये हे सहसा नसतं. विचारलं तर ‘फेज टू मध्ये बघू’ म्हणतात. १८७१ चं रजिस्टर बनवणाऱ्यांनाही बहुतेक फक्त फेज वनच सांगितली असेल.

नगरच्या शिवेवरचा तो जुना पहारेकरी लिहायला-वाचायला शिकलेला नव्हता. पण चोरीचा माग आपल्या हद्दीत आला की भरपाई आपल्याला द्यावी लागते, एवढं त्याला ठाऊक होतं. आपल्याकडे कॅमेरे आहेत, डेटाबेस आहेत, चेहरे ओळखणारे अल्गोरिदम आहेत. शीव कुठेय आणि माग कोणाच्या हद्दीत आला, एवढं मात्र ठरवायचं राहिलंय.

असो. सोमवार आला, स्टँडअप आहे.